सोऱ्या, साखर आणि शिरोरेघ

लातूर म्हटले की महाराष्ट्राला दोन गोष्टी आठवतात. एक तुरीच्या डाळीची बाजारपेठ आणि दुसरी ‘लातूर पॅटर्न’. गेली तीस-पस्तीस वर्षे राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले डॉक्टर-इंजिनियर होण्यासाठी या गावी येतात, खोल्या घेऊन राहतात, मेसचे डबे खातात आणि रात्र-रात्र प्रश्नसंच सोडवतात. या कीर्तीचा आपल्याला अभिमान आहेच. पण कोणत्याही कीर्तीची एक सावली असते आणि ती सावली पडते आपल्यासारख्यांवर. ‘मी कला शाखेला आहे’ असे सांगितले की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग सांत्वन केल्यासारखा विचारतो, “बरं, मग स्पर्धा परीक्षेचं बघतीस का?” जणू कला शाखा म्हणजे गाडी चुकलेल्यांचा फलाट!

लोक असे म्हणतात याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की आपणही ते मनातून मान्य केले आहे. यंत्र त्यांचे आणि पुस्तक आपले, गणित त्यांचे आणि कविता आपली, अशी वाटणी आपण निमूटपणे पत्करली आहे. वर्गातला पंखा बंद पडला तर आपण शिपाईमामांना हाक मारतो. त्यात काय बिघडले असेल हे पाहण्याचे कुतूहलसुद्धा आपल्याला होत नाही. या वाटणीला माझा विरोध आहे. यंत्र घडवणे हे कला शाखेचेही काम आहे, आणि काही यंत्रे तर अशी आहेत की ती आपल्यावाचून धड घडणारच नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी एका छोट्या, किंबहुना काहींना हास्यास्पद वाटेल अशा उदाहरणाने मांडणार आहे.

गेल्या वर्षभरात मी आणि आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला असलेला माझा मावसभाऊ, अशा दोघांनी मिळून घरी एक यंत्र तयार केले. केकवर आइसिंगने, म्हणजे लोणी-साखरेच्या मऊ लेपाने, अक्षरे काढणारे हे यंत्र आहे. लेप एका नळकांडीत भरायचा, मोटरने दट्ट्या पुढे ढकलायचा, खालच्या बारीक तोंडातून लेपाचा धागा बाहेर पडतो. दुसऱ्या दोन मोटरी ते तोंड आडवे-उभे फिरवतात आणि ताटावर अक्षर उमटते. याला जगात ‘अन्न-छपाई’ म्हणतात.

नाव परदेशी वाटले तरी वस्तू परकी नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरी फडताळात सोऱ्या आहे. पितळी नळकांडे, आत दट्ट्या, खाली चांदणीच्या भोकाची ताटली आणि वर आट्यांचा दांडा. दांडा फिरवला की पीठ दाबले जाते आणि चकली पडते. ताटली बदलली की शेव, पुन्हा बदलली की कुरडई. घट्ट पदार्थ नळकांडीत कोंडून, दाबून, हव्या त्या आकाराच्या भोकातून बाहेर काढणे हे ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर प्लास्टिकचे पाइप आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या पट्ट्याही बनतात. कारखान्यात त्यासाठी पदवीधर इंजिनियर लागतो. आमच्या गल्लीत मात्र उन्हाळ्यात दहा-दहा बायका हे काम करतात आणि त्यांना कोणी तंत्रज्ञ म्हणत नाही.

अन्न-छपाईचा अलीकडचा इतिहासही स्वयंपाकघरातूनच सुरू होतो, हे वाचून मला गंमत वाटली. १९८८ साली अमेरिकेत स्कॉट क्रम्प या गृहस्थांनी आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करताना गरम डिंकाच्या पिचकारीने एकावर एक थर दिले आणि त्यातून थरांनी वस्तू घडवण्याची एक पद्धत निघाली. २००५ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनी असे यंत्र कोणालाही घरी बनवता यावे म्हणून त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. २००६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हॉड लिप्सन आणि इव्हान मलोन यांनी सिरिंजवर चालणारे यंत्र केले. प्लास्टिकऐवजी त्यात चॉकलेट, चीज किंवा केकचे आइसिंगही भरता येई. २०१३ साली तर अंतराळवीरांसाठी पिझ्झा छापता येईल का हे पाहण्याकरिता ‘नासा’ने एका कंपनीला सव्वा लाख डॉलर दिले. आमच्या यंत्राला दोन हजार रुपयांच्या आतच खर्च आला, कारण निम्म्या वस्तू भंगारातल्या आहेत.

त्या वस्तू कोणत्या, हे सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख नुसत्या उपदेशाचा होईल. जनावरांच्या औषधांच्या दुकानात ६० मिलिलिटरची मोठी सिरिंज मिळते. ती कोरी आणली. सुई नाही, फक्त नळी आणि दट्ट्या. जुन्या स्कॅनर-प्रिंटरमधून सरकपट्ट्या आणि तीन मोटरी काढल्या. या मोटरींना बाजारात ‘स्टेपर’ म्हणतात. पंख्याच्या मोटरीसारख्या त्या गरगर फिरत नाहीत, पायरी-पायरीने सरकतात. आमची दट्ट्याची मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते. तिला आठ मिलिमीटर जाडीचा आट्यांचा गज जोडला. हार्डवेअरच्या दुकानात तो फुटावर मिळतो. गज एक फेरा फिरला की त्यावरचा नट सव्वा मिलिमीटर पुढे सरकतो आणि तो दट्ट्याला ढकलतो. गज आणि नट सिरिंजच्या बाहेर असल्याने त्यांचा पदार्थाशी संबंध येत नाही. बाकी सांगाडा सागवानी फळीचा. तो मावसभावाने कानस मारून इतका काटकोनात बसवला की त्याच्या शिक्षकांनीही शाबासकी द्यावी.

आता हिशेब पाहा. सिरिंजचा आतला व्यास साधारण २७ मिलिमीटर. गजाच्या एका फेऱ्यात सुमारे पाऊण मिलिलिटर लेप बाहेर येतो. तोंडाचे भोक दोन मिलिमीटरचे असेल तर तेवढ्या लेपाचा धागा होतो सुमारे २२८ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक वीत. एका फेऱ्याला एक वीत! आणि मोटरच्या एका पायरीला धागा येतो मिलिमीटरभर. भरलेल्या सिरिंजमधून एकूण १९ मीटर धागा निघतो. हे गणित दहावीच्या पुस्तकातले आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढता येणाऱ्या कोणालाही ते जमेल, मग त्याने पुढे समाजशास्त्र घेतले असो की मराठी.

या मोटरींना हुकूम देणारे सर्किट ‘अर्डुइनो’ नावाचे आहे. त्याची जन्मकथा आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २००५ साली इटलीतील इव्रिया या गावी एका आरेखन-संस्थेत ते तयार झाले आणि ते केले होते ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही अशा आरेखनाच्या, कलेच्या विद्यार्थ्यांसाठी. चित्र काढणाऱ्यालाही दिवा लावता यावा, मोटर फिरवता यावी, एवढाच त्याचा हेतू. म्हणजे तिकडे शिक्षकांनी कला शाखेला यंत्र आपणहून हाती दिले. इकडे आपण ते हाती घ्यायलाही बिचकतो.

यंत्र उभे राहिले, पण त्यात भरायचे काय आणि कसे, हे आयटीआयच्या पुस्तकात नाही. ते ज्ञान होते माझ्या आईकडे. लातूरच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. लोण्याचा लेप ताटावर पडताच पाघळतो. म्हणून वनस्पती तूप जास्त आणि लोणी थोडे, असे प्रमाण तिने बसवले. पिठीसाखरेत एखादा खडा राहिला तर तो दोन मिलिमीटरच्या तोंडात अडकणार; ती तिने मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून दिली. आणि सिरिंज भरताना मध्ये हवा राहिली तर धागा तुटतो, यंत्र थुंकल्यासारखे करते. आईने पाहिले आणि म्हणाली, “चकलीचं बी असंच असतंय. आधी बोटानं दाबून हवा काढ, मंग फिरव.” पदार्थ दाबाखाली कसा वागतो याचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. मोठ्या विद्यापीठांत त्याच्या प्रयोगशाळा आहेत. आईची प्रयोगशाळा म्हणजे दिवाळीच्या आधीचे आठ दिवस.

येथवरचे काम फिटरचे आणि आईचे. माझे, म्हणजे मराठी विषयाच्या विद्यार्थिनीचे, काम त्यानंतर सुरू झाले आणि या लेखाचा खरा मुद्दाही तोच आहे.

लातुरात आता चौकाचौकांत केकची दुकाने आहेत. खेड्यांतही लहान मुलाच्या वाढदिवसाला औक्षणाच्या ताटाशेजारी केक येऊन बसला आहे. आजी ‘चिरंजीव हो’ म्हणते आणि केकवर लिहिलेले असते ‘हॅपी बर्थडे’, तेही रोमन लिपीत. एका दुकानदारांना मी विचारले, “काका, मराठीत का लिहीत नाही?” ते म्हणाले, “लिव्हायला काय हरकत नाही, पोरी. पण जोडाक्षर आलं की क्रीम पसरतंय, गिचका होतो. विंग्रजीत हात न उचलता लिव्हता येतंय.” मला त्यांच्यावर इंग्रजीप्रेमाचा आरोप करता येईना. त्यांची अडचण हाताची होती, भाषेच्या अभिमानाची नव्हती.

आमच्या यंत्राचीही नेमकी तीच अडचण निघाली. दाबाखालचा लेप मोटर थांबली तरी लगेच थांबत नाही; तोंड वर उचलले की मागे एक शेपूट राहते. त्यासाठी मोटर काही पायऱ्या उलटी फिरवून लेप मागे ओढावा लागतो, तरीही थोडा गोळा राहतोच. रोमन लिपीतील जोडलेली अक्षरे एका दमात होतात. देवनागरीत मात्र अक्षराचे पोट, दंड, काना, मात्रा, शेवटी शिरोरेघ, इतक्या वेळा हात उचलावा लागतो. ‘शुभेच्छा’ हा एक शब्द लिहायला घ्या. जितक्या उचली, तितके गोळे आणि तितकी शेपटे. च्छ तर गाठोडेच होऊन बसतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. संगणकातले टंक म्हणजे अक्षरांच्या बाहेरच्या कडा असतात. यंत्राला हवी असते एकच रेघ, लेखणी जिथून जाते ती वाट. रोमन अक्षरांच्या अशा एकरेघी वाटा अमेरिकेतील डॉ. हर्शी यांनी १९६७ सालीच संगणकासाठी आखून ठेवल्या आहेत. त्यांच्या संग्रहात ग्रीक आहे, रशियन आहे, जपानीही आहे, देवनागरी नाही. आता हे काम कोण करणार? इंजिनियर मोटर अचूक फिरवील, पण ‘भ’ कुठून सुरू करायचा आणि ‘ळ’ कुठे वळवायचा हे त्याला कोण सांगणार? ज्याने अक्षराचा अभ्यास केला आहे, त्यानेच ते सांगितले पाहिजे. मी आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर गिरवायला घेतले, जसे पहिलीत पाटीवर गिरवले होते.

आणि उत्तर सापडले मोडीत. मी हौसेने मोडी लिपीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला होता. त्या वेळी ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणारे घरात आणि बाहेर पुष्कळ होते. मोडी लिहिताना कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जात. बोरू शक्य तितका कमी उचलायचा, कारण दरबारचे लिखाण झपाट्याने व्हावे लागे. शेकडो वर्षे हिशेब आणि पत्रव्यवहार या युक्तीवर चालला. मी तीच युक्ती साखरेला लावली. आधी शिरोरेघ ओढायची. मग प्रत्येक अक्षर शक्य तेथे त्या रेघेतून सुरू करून रेघेतच संपवायचे. काना वरून खाली ओढायचा नाही, खालून वर न्यायचा. म्हणजे सुरुवातीचा गोळा आणि शेवटचे शेपूट, दोन्ही शिरोरेघेच्या जाडीत मिसळून जातात. जोडाक्षर उभे मांडायचे, एकाखाली एक, म्हणजे पोटात गिचका होत नाही. अक्षरे देवनागरीच राहिली, फक्त लिहिण्याचा क्रम मोडीचा झाला. त्या दिवशी स्टीलच्या ताटावर ‘शुभेच्छा’ हा शब्द स्वच्छ उमटला. मावसभाऊ म्हणाला, “हे आमच्या सरांनाबी सुचलं नसतं.” त्याच्या सरांचा यात काही दोष नाही, त्यांनी मोडी शिकलेली नाही, एवढेच.

वाचकहो, हा योगायोग आहे असे समजू नका. मोडीच्याच बाबतीत मराठवाड्याने हे मोठ्या प्रमाणावर नुकतेच पाहिले आहे. २०२३ साली जुन्या नोंदी तपासण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यांतील दप्तरे उघडली. तेव्हा मोडी आणि फारसी-उर्दू वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. जी विद्या निरुपयोगी म्हणून बाजूला टाकली होती, ती जाणणारे एकदम हवेसे झाले. ज्ञानाचा उपयोग कोणत्या दिवशी निघेल हे आधी सांगता येत नाही. निघेल तेव्हा ते जाणणारा कोणीतरी शिल्लक असावा, एवढेच आपल्या हाती असते.

अक्षरे यंत्रापर्यंत आपोआप पोचत नाहीत, कोणीतरी ती न्यावी लागतात, हा मराठी छपाईचा सारा इतिहास आहे. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून त्या काळी सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत आणि म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. पुढे जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून देवनागरीचे देखणे खिळे उतरले. संगणकाच्या काळात र. कृ. जोशी या अक्षरांच्या अभ्यासकाने ‘मंगल’ हा टंक घडवला आणि लाखो लोक संगणकावर मराठी वाचू-लिहू लागले. यांतला प्रत्येक जण लोखंड किंवा वीज जितकी ओळखत होता, त्याहून अधिक अक्षर ओळखत होता. शाईतल्या तुपापासून सिरिंजमधल्या तुपापर्यंत ही एकच परंपरा आहे, असे मी म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

या विचारावर आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप असा की केक कापणे हीच मुळात परकी रीत. तिच्यावर मराठी लिहून मराठीचे काय भले होणार? मी म्हणते, चहाही एके काळी परकाच होता. जी रीत घरात शिरली आहे तिच्यावर आपली अक्षरे असावीत की नसावीत, एवढाच प्रश्न आहे. लहान मूल स्वतःचे नाव पहिल्यांदा कुठे वाचते? शाळेच्या आधी कदाचित केकवरच. ते त्याने आपल्या लिपीत वाचावे, असे मला वाटते. आणि केकच हवा असे यंत्राचे म्हणणे नाही. त्यात श्रीखंडाचा घट्ट चक्का भरा, मऊ केलेला खवा भरा. भोकातून जाईल ते सारे त्याला चालते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो माझ्या आईनेच घेतला: “मशीन आलं की बाईच्या हाताचं काम जातंय.” याचे उत्तर वरवरचे देऊन चालणार नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ पापड सुरू केला. पुढे तो उद्योग अवाढव्य वाढला, तरी पापड लाटायचे काम भगिनींच्या हातीच राहिले, कारण त्या हातांना मिळणारी मिळकत हाच त्या संस्थेचा हेतू आहे. तो निर्णय मला आदरणीय वाटतो. दुसरीकडे आपल्याच भागातली गोष्ट पाहा. पूर्वी बाजेला शेवयांचे हातयंत्र आवळून बायका उन्हाळाभर दांडा फिरवत. खांदे भरून येत. आता गावोगाव विजेवरची शेवयांची यंत्रे आली आहेत. रवा घेऊन जा, किलोमागे पैसे द्या, शेवया घेऊन या. ते यंत्र जिथे गावातल्या बाईचे किंवा बचत गटाचे आहे, तिथे तिचा खांदाही वाचला आणि चार पैसेही घरात आले. तेव्हा प्रश्न मोटर असावी की नसावी हा नाही. मोटर कोणाच्या मालकीची आणि बटण कोणाच्या हातात, हा आहे. हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, समाजशास्त्राचा आहे. म्हणजे पुन्हा आपल्याच शाखेचा आहे. आणि जे यंत्र घरी बनवता येते, घरी दुरुस्त करता येते, ते बाईच्या मालकीचे होण्याची शक्यता अधिक, असे मला वाटते.

हा विचार मला सुचण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने महाराष्ट्रात करून दाखवला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. शाळेतून बाहेर पडलेली मुले तिथे वेल्डिंग शिकत, शेती शिकत, स्वयंपाकघरातले विज्ञानही शिकत. हाताने काम करत शिकणे हीच त्यांची पद्धत. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने त्याच पाबळला ‘फॅब लॅब’ उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काही फॅब लॅबपैकी ती एक. अन्न जाणणारा माणूस, खेड्यातली मुले आणि आधुनिक यंत्रे हे तिन्ही एका छपराखाली आले. पाबळला जे जमले, ते लातूरला का जमू नये?

धोरणाचीही आता आडकाठी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि विज्ञान यांच्यात, तसेच व्यावसायिक आणि पुस्तकी शिक्षणात पक्की भिंत नसावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पण कागदावरची भिंत पाडणे सोपे असते. मनातली पाडायला निमित्त लागते. म्हणून माझी गुरुजनांना एक नम्र सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात एक खोली, एक भक्कम टेबल, पक्कड, पेचकस, कानस, डाग देण्याची कैची आणि चार जुने प्रिंटर एवढे द्यावे. आठवड्यातून दोन दिवस दुपारी ती खोली उघडी ठेवावी. शेजारच्या आयटीआयची मुले तिथे यावीत, गावातल्या कारागिरांना आणि सुगरणींना मानाने बोलवावे, आणि मोडीचा वर्ग त्याच खोलीत भरावा. खर्च एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा कमी येईल.

आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो, तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की पुढल्या वेळी कोणी ‘कला शाखा घेऊन काय करणार?’ असे विचारले तर लाजून खाली पाहू नका. भूगोलाच्या विद्यार्थ्याने पर्जन्यमापक बनवावा. संगीताच्या विद्यार्थिनीने तंबोऱ्याचा सूर मोजणारे साधन बनवावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुनी कागदपत्रे न फाटता छायाचित्रित करण्याची चौकट बनवावी. यंत्राला काय सांगायचे हे ज्याला ठाऊक आहे त्याने यंत्रापासून दूर राहावे, ही चैन आपल्याला परवडणारी नाही. आमचे आराखडे, धाग्याचा हिशेब आणि अक्षरांच्या गिरवलेल्या वाटा मी एका वहीत उतरवून मराठी विभागात ठेवल्या आहेत. ज्याला हव्या त्याने न्याव्यात आणि ‘ज्ञ’ची वाट अजून नीट बसलेली नाही, ती कोणीतरी बसवून द्यावी.